सहाशे डॉलर्समध्ये काय येतं?

निर्व्हाना म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पाण्यात पोहणारं बाळ. म्हणजे १९९१चा 'नेव्हरमाइंड'. तो ग्रेट आहेच, वादच नाही. पण त्याच्या दोन वर्षं आधीचा 'ब्लीच' ऐकलाय?

जून १९८९. सिएटलची 'सब पॉप' ही छोटी रेकॉर्ड कंपनी, जॅक एन्डिनो हा प्रोड्यूसर आणि स्टुडिओचं बिल ६०६ डॉलर १७ सेंट! तेही बँडच्या खिशातून नाही, जेसन एव्हरमन या मित्राने भरलं. त्याचं नाव गिटारिस्ट म्हणून छापलंय, कव्हरच्या फोटोतही तो आहे. पण अख्ख्या अल्बममध्ये त्याने एक सूरही वाजवलेला नाही. (असे स्पॉन्सर मित्र सगळ्यांनाच मिळोत.)

आता खरं सांगायचं तर 'ब्लीच' सलग ऐकणं सोपं नाही. गिटार चिखलातून ओढत आणल्यासारखी, ब्लॅक सॅबाथ आणि मेल्व्हिन्सची छाप स्पष्ट दिसते. 'स्कूल'चे शब्द तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. शेवटाकडे गाणी एकमेकांसारखी वाटायला लागतात आणि हात आपोआप 'नेक्स्ट'कडे जातो.

पण तिसरं गाणं, 'अबाउट अ गर्ल', सुरू होतं आणि आपण सावरून बसतो. अरे, हा तर चक्क पॉप आहे! दुपारभर बीटल्स ऐकून कर्ट कोबेनने ते लिहिलं म्हणे. तेव्हाच्या ग्रंज मंडळींमध्ये असं गोड गाणं ठेवणं म्हणजे रिस्कच होती, हे त्याने स्वतःच नंतर कबूल केलं. बावीस वर्षांच्या त्या पोराने ती घेतली. माझ्या मते 'नेव्हरमाइंड'चं बी इथे आहे: चाल गुणगुणावीशी, आवाज मात्र खरवडलेला.

'नेव्हरमाइंड' येईपर्यंत 'ब्लीच'च्या जेमतेम ४० हजार प्रती खपल्या होत्या. नोव्हेंबर १९९३मध्ये न्यूयॉर्कला एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड'चं शूटिंग झालं. तोपर्यंत हिट्सचा ढीग लागला होता, तरी कर्टने सुरुवात याच गाण्याने केली. हे आमच्या पहिल्या रेकॉर्डवरचं, ती बहुतेकांकडे नाहीच, असं आधी सांगून. पाचेक महिन्यांनी, एप्रिल १९९४मध्ये, तो गेला.

आज रात्री दोन्ही व्हर्जन्स लागोपाठ लावा. आधी 'ब्लीच'मधलं.