बापाची पिंपे आणि मुलाची करवत

बारोलो नावाच्या इटालियन मद्याविषयी अलीकडे जे स्तुतिपर लेखन वाचावयास मिळते, त्यात एक कथा बहुधा ठरलेली असते. थोर परंपरा, निष्ठावंत घराणी, मध्येच शिरलेले फ्रेंच वळणाचे नवमतवादी तरुण, त्यांनी मांडलेला भ्रष्टाचार आणि अखेरीस रसिकांच्या कृपेने परंपरेचा पुनश्च जयजयकार! ही कथा ऐकावयास गोड आहे. परंतु ती अर्धी खोटी आहे, आणि जो अर्धा भाग खरा आहे त्याचाही उपयोग ती भलत्याच पक्षाच्या सोयीसाठी करते, असे आमचे स्पष्ट मत आहे. मद्याचे नाव निघताच ज्यांच्या कपाळास आठ्या पडतात अशा वाचकांनीही थोडा धीर धरावा. वाद पेल्याचा नसून घराचा आहे.

हे मद्य ज्या काळ्या द्राक्षापासून होते त्याचे नाव नेब्योलो. इटलीच्या वायव्येस पीडमाँट प्रांतात आल्बा शहराभोवती लांगे नावाच्या टेकड्या आहेत, तेथे ते पिकते. ऑक्टोबरात खोऱ्यांतून धुके दाटू लागते तेव्हा कोठे ते तोडणीस येते. धुक्यास इटालियन भाषेत ‘नेब्या’ म्हणतात आणि त्यावरूनच हे नाव पडले असावे, अशी बहुतेकांची समजूत आहे. द्राक्ष मोठे हट्टी. मद्याचा रंग फिका, आंबटपणा तीव्र आणि तुरटपणा तर असा की, कोवळेपणी ते जिभेस हिरड्याप्रमाणे आवळून टाकते. जुने लोक साली रसात महिना महिना भिजत ठेवीत आणि मग हजारो लिटरांच्या अजस्र ओकच्या पिंपांत ते मद्य वर्षानुवर्षे मुरवीत. यालाच परंपरा म्हणावयाचे.

आता या परंपरेचे वय पाहू. १७८७ साली थॉमस जेफर्सन तुरीन शहरी आला असता त्याने नेब्योलो चाखले, ते त्यास गोडसर व फसफसते लागले. आजचे कोरडे, धीरगंभीर बारोलो घडले ते एकोणिसाव्या शतकात. आणि ते घडविण्याच्या खटपटीत ज्यांचा हात होता, त्यांत फालेत्ती घराण्याची सून जूल्येत कोल्बेर ही प्रमुख होती. ही बाई जन्माने फ्रेंच! तेव्हा ‘फ्रेंच वळण’ हा दोष असेल, तर तो परंपरेच्या पाळण्यातच शिरला होता म्हणावयाचा.

परंतु याहून मोठे विस्मरण दारिद्र्याचे आहे. आजचा प्रवासी लांगेच्या टेकड्यांवरील देखणी तळघरे पाहून हरखतो. २०१४ साली युनेस्कोने तो प्रदेश जागतिक वारसा म्हणून गौरविला, हेही त्यास ठाऊक असते. त्याच टेकड्यांवरील कुळवाड्यांची दैना बेप्पे फेनोल्यो या आल्बाच्याच लेखकाने ‘ला मालोरा’ या १९५४ सालच्या कादंबरीत रंगविली आहे. ती वाचणाऱ्यास ‘जुने दिवस’ हे शब्द सहजी उच्चारवणार नाहीत. शेतकऱ्याने वर्षभर राबावे आणि द्राक्षांचा भाव मात्र बाजारात व्यापाऱ्याने ठरवावा, अशी रीत होती. तरुण मुले आल्बाच्या मिठाईच्या आणि तुरीनच्या मोटारींच्या कारखान्यांत निघून गेली, ती काय परंपरेचा कंटाळा आला म्हणून?

अशा वेळी ला मोर्रा गावचा एलिओ आल्तारे हा तरुण १९७६ साली बर्गंडीस गेला. खिशात पैसा नसल्याने तो रात्री मोटारीतच निजे. तेथील लहान शेतकरी आपल्याच मळ्याच्या मद्यावर सन्मानाने जगतो, हे त्याने पाहिले. परत येऊन त्याने घड तोडून वेली हलक्या केल्या. देवाने दिलेले पीक मातीत टाकणे म्हणजे जुन्या माणसांच्या दृष्टीने पापच. १९८३ साली तर त्याने यांत्रिक करवत घेऊन बापाची जुनी, कुबट वास मारणारी पिंपे तोडून टाकली आणि ‘बॅरिक’ म्हणजे सव्वादोनशे लिटरांची लहान फ्रेंच पिंपे आणली. बापाने मुलास वारसाहक्कातून वगळले. बाप वारल्यावर मुलास स्वतःचेच घर-शेत भावंडांकडून विकत घ्यावे लागले. ज्यांच्या घरी वाटण्या झाल्या आहेत, त्यांस या वाक्याचे वजन समजावून सांगावयास नको.

नवमतवाद्यांनी अतिरेक केला, हे आम्ही नाकारीत नाही. नव्या लाकडाच्या व्हॅनिलासारख्या वासाखाली नेब्योलोचा गुलाबाचा व डांबराचा गंध पुष्कळदा गुदमरला. त्यांतील कित्येक पुढे आपण होऊन मोठ्या पिंपांकडे वळले. पण स्वच्छ तळघर, विरळ पीक आणि ‘माझे मद्य मीच बाटलीत भरीन’ हा शेतकऱ्याचा बाणा यांच्या प्रसारात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचे फळ त्यांना नावे ठेवणारेही खुशाल चाखतात.

उलट बाजूस देव म्हणून बसविले जातात ते बारोलो गावचे बार्तोलो मास्कारेल्लो. हा मनुष्य खरोखर मोठा होता. बाटलीवरील चिठ्ठी स्वहस्ते रंगवून तीवर ‘ना बॅरिक, ना बर्लुस्कोनी’ असे लिहिणाऱ्याच्या निर्भयतेस आमचा नमस्कार असो. पण त्यांचे भक्त त्यांचे ऐकतात काय? चार मळ्यांची द्राक्षे एकत्र करूनच एक बारोलो करावयाचे, अमक्या मळ्याची निराळी बाटली भरून तिचा निराळा भाव सांगावयाचा नाही, हा त्यांचा हट्ट होता. आज बाजारात मळ्याच्या नावासच सोन्याचा भाव आहे; २०१० साली अशा नावांची १८१ जणांची अधिकृत यादीही झाली. म्हणजे परंपरेतले जे विकावयास अडचणीचे तेवढे सोडले, आणि पिंपाचा आकार मात्र पूजेस ठेवला!

आणि या पूजेचा परिणाम काय? बाटल्यांचे भाव चढले तसे जमिनीचेही चढले, आणि उत्तम मळ्यांचे हिशेब दर हेक्टरी दहा लाख युरोंच्या पलीकडे होऊ लागले. आता एका घरात तीन वारस असून त्यांतील एकासच वेलींची ओढ असेल, तर त्याने उरलेल्या दोघांस कोठून रक्कम द्यावी? २०१६ साली कास्तिल्योने फाल्लेत्तो येथील व्हिएत्ती हे जुने घर एका अमेरिकन कुटुंबाने विकत घेतले. त्या कुटुंबाचा धंदा तेव्हा पेट्रोलपंप व रस्त्याकडेची दुकाने यांचा होता. मूळ घरची माणसे काही वर्षे कारभार पाहत राहिली, पुढे तीही बाहेर पडली. तेथे कोणी करवत चालविली नव्हती. घर गेले ते किमतीने. आणि ती किंमत चढविणारे हात, ‘घराण्याची परंपरा’ म्हणून गहिवरणाऱ्या रसिकांचेच आहेत.

मास्कारेल्लोंचे तळघर आज त्यांची कन्या मारिया तेरेसा चालविते, आल्तारेचे त्याची कन्या सिल्विया. बापलेकांच्या युद्धाची गाथा गाणाऱ्यांनी ही गोष्ट फारशी ध्यानात घेतलेली दिसत नाही. आल्तारेने भावंडांस देऊन घर सोडवून घेतले, त्या रकमेत आज त्या मळ्यातील वेलींच्या किती ओळी येतील, एवढा एक हिशेब या रसिकांनी पुढची बाटली फोडण्यापूर्वी करून पाहावा.