कोबीस शिक्षा, गटारास अभय

आपल्या समाजात एक समजूत फार दृढ आहे. जंत, कृमी, पोटातील पट्टकृमी ही सारी मांसाहाराची, त्यातही डुकराच्या मांसाची फळे. शिवराक जेवणाऱ्यास त्यांचे भय नाही. या समजुतीस एक पुरवणीही जोडली गेली आहे: कोबीच्या पानांत एक अळी दडून असते, ती पोटातून डोक्यात चढते आणि मेंदू पोखरते. परिणामी कित्येक घरांतून कोबी हद्दपार झाला. आरोपीची बाजू न ऐकता शिक्षा सुनावणे आम्हां वकिलांस मानवत नाही. म्हणून आज आम्ही कोबीचे वकीलपत्र घेतले आहे.

कोबीवरची हिरवी अळी ही फुलपाखराचे वा पतंगाचे बाल्य होय. ती पोटात गेलीच तर पचून जाते. मेंदूत जाऊन बसते ती वस्तू वेगळी. 'टीनिया सोलियम' या पट्टकृमीची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि ती माणसाच्या विष्ठेतूनच बाहेर पडतात. डुकराचे कच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो, हे खरे. पण मेंदूत गाठी होतात त्या मांस खाल्ल्याने नव्हेत, तर कृमीग्रस्ताच्या विष्ठेतील अंडी कोणाच्या तरी तोंडात गेल्याने. मग तो तोंडाचा धनी आजन्म शाकाहारी का असेना! अंड्यांतून निघालेले भ्रूण आतडे भेदून रक्तात शिरतात, स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत ठाण मांडतात, आणि एके दिवशी धडधाकट मुलाला फेफरे येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा रोग जेथे रुजला आहे तेथील अपस्माराच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या मुळाशी हेच कारण असते.

सोवळ्याचा भरवसा धरणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. न्यूयॉर्कमधील कर्मठ ज्यू समाजात डुकराचे मांस सर्वथा वर्ज्य. तरीही त्या समाजातील चार जणांच्या मेंदूत या कृमीच्या गाठी आढळल्याचा वृत्तांत १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. रोगप्रचलित देशांतून आलेल्या घरकामगारांकडून ही अंडी घरात आली असावीत, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. हे वाचून कोणी आपल्या मोलकरणीकडे संशयाने पाहू लागेल, तर त्याला आम्ही एवढेच विचारू की तिच्या वस्तीत शौचकूप आणि वाहते पाणी आहे काय, आणि नसल्यास तो अपराध तिचा कसा?

आता भाजीकडे वळू. कोथिंबीर, पुदिना, मुळा, पालक ही जमिनीलगत वाढणारी, घडीघडीच्या पानांची पिके. त्यांना शहराचे सांडपाणी दिले की त्यातील अंडी पानांना चिकटतात. नुसत्या पोटातल्या जंताचीच मादी दिवसाला सुमारे २ लक्ष अंडी घालते, आणि ती अंडी ओल्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. हैदराबादेतील आमच्या बांधवांना ठाऊक आहे की शहराखाली मुसी नदीच्या काठी कित्येक दशके शहराच्या मैलापाण्यावर चारा, भात आणि पालेभाज्या पिकत आल्या आहेत. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या पाण्यात लिटरमागे एकाहून अधिक कृमी-अंडे असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ सालीच सांगून ठेवले आहे. गोव्यात येणारी बरीच भाजी बेळगावकडची. ती कोणत्या पाण्यावर वाढली, हे म्हापशाच्या गिऱ्हाइकाने कोणाला विचारावे?

कायद्याला विचारावे, तर २००६ चा अन्नसुरक्षा कायदा शेताच्या बांधावर थांबतो. कलम १८(३) अन्वये शेतकरी, शेतीची कामे आणि शेतावरचे पीक यांस तो लागूच नाही. शेतकऱ्याला वगळले, याबद्दल आमची तक्रार नाही. त्याला दुसरे पाणी कोणी दिले नाही, आणि त्या चिखलात अनवाणी उभे राहिल्याने अंकुशकृमी शिरतो तो प्रथम त्याच्याच पायातून. पण १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २४ ओढ्यात, विहिरीत वा जमिनीवर घाण सोडण्यास मनाई करते, आणि घटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक स्वच्छता हा नगरपालिकांचा विषय म्हणून नमूद आहे. म्हणजे कायदा आहे, जबाबदार पक्षही आहे. नाही तो फिर्यादी. शहराने आपला मैला शुद्ध न करता नदीत लोटावा आणि नागरिकांनी कोबीला दूषणे देत बसावे, याला न्याय म्हणत नाहीत.

या अज्ञानाची खरी किंमत कोण भरते? फेफरे येणारी मुलगी. घरचे लोक दुखणे लपवतात, औषध चोरून देतात, कारण स्थळे येईनाशी होतील. हिंदू विवाह कायद्यातच १९७६ च्या दुरुस्तीने अपस्मार हा विवाहास बाध मानला होता. १९९९ साली संसदेने तो शब्द काढून टाकला. कायद्याने काढला, आमच्या बैठकीतून मात्र तो अजून निघाला नाही. मेंदूतील गाठींच्या या विकारावर उपचार आहेत, फेफऱ्यांवर औषध आहे, हे वधूपरीक्षेला बसलेल्या वडीलधाऱ्यांना कोण सांगणार?

स्वयंपाकघरापुरते सांगायचे तर, उकळण्याने अंडी मरतात. मिठाच्या वा हळदीच्या पाण्याने मरत नाहीत. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पान न् पान चोळून धुतल्याने ती कमी होतात, निःशेष होत नाहीत. म्हणून खतखत्याविषयी आम्ही निश्चिंत आहोत; चिंता आहे ती शेकडो पानांवर वाढल्या जाणाऱ्या कोशिंबिरीची आणि वरून पेरलेल्या कोथिंबिरीची. आचाऱ्याचे सोवळे आम्ही पाहतो. त्याच्या नखांकडे आणि भाजी धुण्याच्या घंगाळातील त्याच त्या पाण्याकडे कोण पाहतो?

देवस्थानांच्या येत्या वार्षिक सभेत हिशेबपत्रक मंजूर करण्यापूर्वी महाजनांनी विश्वस्तांना तीन प्रश्न विचारावेत. महाप्रसादाची भाजी कोणत्या गावच्या, कोणत्या पाण्यावरची? ती धुण्यास नळाचे वाहते पाणी आहे काय? आणि भाजी निवडणाऱ्या बायांना देवळाच्या आवारातील शौचकूप व साबण वापरण्याची मोकळीक आहे, की अजून त्यांना आडोसा शोधावा लागतो?