पहिलें पुस्तक कोणतें?

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझी एक जुनी विद्यार्थिनी मला भेटावयास आली. तिचे यजमान पूल बांधणाऱ्या एका कंपनींत नोकरीस असून दर सहा-आठ महिन्यांनीं त्यांचें बिऱ्हाड हालतें. मुलगा सहा वर्षांचा झाला. पण अशा फिरत्या संसारांत त्याचें एका शाळेंत बस्तान बसेना, म्हणून पहिल्या इयत्तेचा अभ्यास घरींच करून घ्यावयाचें त्या दोघांनीं ठरविलें. येतांना तिनें एक भली मोठी पिशवी आणली होती. तींतून तीन अंकलिप्या, परदेशांत छापलेलें इंग्रजी ध्वनिशिक्षणाचें एक महागडें पुस्तक, गिरविण्याच्या चार वह्या आणि रंगीत तक्त्यांची एक गुंडाळी काढून तिनें टेबलावर मांडली व विचारलें, "बाई, यांतलें कोणतें ठेवूं आणि कोणतें परत करूं?"

उत्तर देण्यापूर्वीं मला माझी स्वतःचीच एक चूक तिला सांगावी लागली. माझी मुलगी त्या वयाची असतां मींही असाच ढीग जमविला होता. मी पदवीधर, शिक्षणशास्त्र शिकलेली. तेव्हां माझ्या मुलीनें इतरांच्या आधीं वाचलेंच पाहिजे, असा माझा हट्ट! रोज संध्याकाळीं तिला समोर बसवून मी 'क कमळाचा, ख खडूचा' असें सारें घोकून घेत असें. तीन महिन्यांत ती 'ज्ञ'पर्यंत बिनचूक म्हणूं लागली. एके दिवशीं मीं सहज पानावरील चित्रें हातानें झांकलीं, आणि मुलगी गप्प झाली. ती अक्षर वाचतच नव्हती. चित्र ओळखून पाठ म्हणत होती. मला राग आला, तिला रडूं आलें. आणि तें रडणें पुढें दोन वर्षें पुस्तकाबरोबर येत राहिलें. आज ती मोठी झाली आहे, कामापुरतें सारें वाचते. परंतु मराठी पुस्तक आवडीनें हातीं घेत नाहीं. याचा दोष मी कोणत्याही पुस्तकावर ढकलीत नाहीं. निवड माझी होती, आणि घाईही माझीच.

म्हणून माझें पहिलें म्हणणें असें कीं, वर्णमाला आणि वाचन यांची गल्लत करूं नये. उच्चाराच्या स्थानांप्रमाणें रचलेली आपली वर्णमाला ही मोठी सुंदर व्यवस्था आहे. तिचा क्रम मुलास पुढें आलाच पाहिजे. परंतु तो वाचनाची पहिली पायरी नव्हे. त्या क्रमानें जाणाऱ्या मुलाला पांचवें व्यंजन 'ङ' आणि दहावें 'ञ' भेटतें. आणि त्यांनीं सुरू होणारा एकही शब्द त्याच्या घरांत बोलला जात नाहीं. उलट म, क, र, ल, न हीं पांच अक्षरें व एक काना एवढेंच शिकविलें, तर मामा, काका, कान, नाक, मान, मका, रान, काम, लाल, मला असे कितीतरी शब्द त्याला वाचतां येतात. 'रमा, काम कर' असें अख्खें वाक्यही वाचतां येतें. मूल स्वतःच्या बळावर 'काका' हा शब्द वाचतें आणि मान वर करून खऱ्या काकांकडे पाहतें, त्या क्षणीं वाचन म्हणजे काय हें त्याला कळतें. १९६७ सालीं स्थापन झालेल्या बालभारतीचीं पुस्तकें अल्प किंमतींत मिळतात, आणि मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्यही. पहिलीचें तें पुस्तक आधीं पाहावें. महाग तें चांगलें, हा समज सोडावा.

दुसरें असें कीं, परक्या भाषेच्या अडचणीवरील औषध आपल्या भाषेस लावूं नये. इंग्रजींत 'सी' हें अक्षर कधीं 'क' होतें, कधीं 'स'; म्हणून तेथें ध्वनिशिक्षणाचीं जाडजूड पुस्तकें लागतात. देवनागरींत ही अडचण फार थोडी आहे. तथापि आपल्याही लिपीच्या कांहीं खोडी आहेत. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' एकच लिहितात, परंतु बोलतात दोन तऱ्हांनीं. 'घर' या शब्दाच्या शेवटचा अकार लिहितांना धरतात, बोलतांना सोडतात. हें गिरविण्याची कोणतीही वही शिकवीत नाहीं; कान शिकवितो. ज्या मुलानें घरीं भरपूर गोष्टी ऐकल्या, त्याचें अर्धें वाचन आधींच झालेलें असतें.

कोणी म्हणेल, वही भरली म्हणजे प्रगति डोळ्यांना दिसते. खरें आहे, पण भरलेल्या पानानें आईबापांना धीर येतो, मुलाला भाषा येतेच असें नाहीं. लिहिण्यास पाटी पुरे. ग, म, भ, न अशीं एका वळणाचीं अक्षरें एकत्र घेतलीं कीं हात लवकर वळतो. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें व पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथें बालशिक्षणाचें जें काम उभारलें, त्यांत शंखशिंपले, बिया, पानें हींच साधनें होतीं. साधनांचें मोल त्यांच्या किंमतींत नसून मुलाच्या ओळखींत असतें, हा धडा आपण विसरूं नये.

शेवटीं पिशवींतील एक अंकलिपी आम्हीं ठेवली. तिच्या जोडीस पहिलीचें पाठ्यपुस्तक, पाटी, आईनें मोठ्यानें वाचून दाखवावयाचीं चार गोष्टींचीं पुस्तकें, आणि एक कोरी वही घ्यावयाचें ठरलें. त्या वहींत मुलानें रोज एक वाक्य सांगावें आणि आईनें तें त्याच्याच शब्दांत लिहावें. त्याचें पहिलें खरें पुस्तक तेंच. तिला मीं एवढेंही बजावलें कीं, जेथें बिऱ्हाड असेल तेथील मुलांत त्याला रोज खेळूं द्यावें. कारण सवंगड्यांची भाषा कोणत्याही पुस्तकांत मिळत नाहीं, आणि शाळेची ही देणगी घरास सहज देतां येत नाहीं.

आमच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींनों, हा विषय केवळ आईबापांचा नव्हे. तुमच्यांपैकीं अनेकांच्या घरीं पांच-सहा वर्षांचें धाकटें भावंड असेल. या उन्हाळ्याच्या सुटींत त्याला रोज एक गोष्ट वाचून दाखवा. पाठ घेऊं नका, परीक्षा पाहूं नका, आणि त्यानें मध्येंच प्रश्न विचारला तर पुस्तक खालीं ठेवून उत्तर द्या. मीं जें माझ्या मुलीला वेळेवर दिलें नाहीं, तें तुम्हांला सहज देतां येण्यासारखें आहे.