कागदावरची मोटार

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील चिरंजीव यंदा बारावीत आहेत. गेल्या रविवारी त्यांचे वडील त्यांना घेऊन आमच्याकडे आले आणि एक जाडजूड वही पुढे ठेवून म्हणाले, “सर, बघा याचे उद्योग! मोटारींची चित्रे काढून पोट भरीन म्हणतो. आता तुम्हीच समजूत घाला.” वहीत पानोपानी मोटारी होत्या, घारीसारख्या झेपावणाऱ्या, अंगापेक्षा चाकेच मोठी असलेल्या.

समजूत घालण्याचा अधिकार आम्ही पूर्वीच गमावला आहे. पंचवीस वर्षांमागे अशीच एक वही वर्गात सापडली, तेव्हा आम्ही ती जप्त केली आणि वर चार शब्द सुनावले. पुढे ती वही कोठे गेली, हेही आम्हांस स्मरत नाही. त्या विद्यार्थ्याचा आज सांवेर रोडवर पत्र्याचे सुटे भाग काढण्याचा लहानसा कारखाना आहे. आम्ही पितापुत्रांना घेऊन तेथेच गेलो.

कारखानदारांनी वही शांतपणे चाळली. एका मोटारीच्या दारावरील धारदार रेषेवर बोट ठेवून ते म्हणाले, “झकास आहे, पण इथे पत्रा फाटेल.” आणि प्रेसखाली फाटलेला एक तुकडा त्यांनी मुलाच्या हाती दिला.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की या व्यवसायाचे मर्म त्या तुकड्यातच होते. चित्र काढणे हा मोटारीच्या डिझायनरच्या कामाचा केवळ आरंभ. अनेकांच्या चित्रांतून एखादे निवडले जाते. मग संगणकावर आणि मेणमिश्रित मातीत त्याला आकार येतो. ही माती गरम करून सांगाड्यावर थापतात, थंड झाल्यावर तासतात आणि पूर्ण मापाची मोटार उभी करतात. वर चकचकीत पापुद्रा चढवून उजेडाची रेघ कोठे वाकडी होते ते पाहतात. मग इंजिनियर येतो व म्हणतो, येथे दिवा बसत नाही. हिशेबनीस म्हणतो, हे महाग पडते. पहिल्या रेषेपासून मोटार रस्त्यावर येईपर्यंत तीन-चार वर्षे सहज जातात. कोणी आतील आसनांचे पाहतो, कोणी केवळ रंग आणि कापडाचे. आयुष्यात अख्खी मोटार आपली म्हणण्याचे भाग्य फार थोड्यांचे.

शिक्षणाचा मार्ग मात्र आता आहे. बारावीनंतर, मग शाखा कोणतीही असो, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची किंवा आय. आय. टी.ची डिझाइनची प्रवेशपरीक्षा देता येते. वाहनांचे खास शिक्षण बहुधा त्यापुढच्या पदवीला, मुंबईच्या आय. आय. टी.त डिझाइनचे केंद्र 1969 पासून आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांना यातले काहीच लाभले नव्हते. तरी त्यांनी 1949 मध्ये आपल्या ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना उभा केला आणि पुढे अनेक वर्षे तो सुधारला. मीरा बाजारात कधीच आली नाही. 1998 साली ‘इंडिका’ आली, तिच्या रूपाला इटलीतील तुरीनच्या कलावंतांचा हात लागला होता. आज आपल्या पीथमपूरला 11.3 किलोमीटरचा वेगपरीक्षणाचा मार्ग आहे, 2021 पासून. मोटार पारखण्याची सोय घराशेजारी आली. ती घडवण्यासाठी मात्र मुलाला पुणे-मुंबई-चेन्नई गाठावी लागेल.

“पण नोकरी?” वडिलांनी विचारलेच. जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. हे आम्ही लपविले नाही. इंजिनियरिंगचा अर्जही भरून ठेवावा, असेही सुचविले. वडिलांचा चेहरा काही उजळला नाही.

निघताना आम्ही कारखानदारांना त्या जुन्या वहीविषयी विचारले. ते हसले. “कोणती वही, सर?” म्हणाले आणि चहा मागवला. त्यांना खरेच आठवत नव्हते, की आम्हांस संकोच नको म्हणून ते तसे बोलले, हे आम्हांस ठरवता आले नाही. मुलाचे या कशाकडेच लक्ष नव्हते. फाटक्या पत्र्यावर अंगठा फिरवीत तो विचारीत होता, “काका, किती गोलाई दिली तर फाटणार नाही?”