पत्र्यावरचे गाव

नव्या फ्लॅटमध्ये सोफ्यामागची भिंत रिकामी दिसली की हल्ली तिच्यावर एक गाव आणून टांगतात. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेले. त्यात बैलगाडी असते, विहिरीवरच्या बायका असतात, कौलारू घर असते. सर्वांत लाडकी म्हणजे लाल मातीच्या रंगावरची पांढरी वारली माणसे. विक्रेता हमी देतो : गंज नाही, रंग उडणे नाही, ओल्या फडक्याने पुसा. (खऱ्या गावातल्या घरावर आता कौले जाऊन पत्रे आले आहेत. त्यांना ही हमी नसते.)

तंत्र चोख आहे, त्याला बोल लावायचे कारण नाही. खास शाईने चित्र आधी कागदावर उलटे छापतात, कागद लेप दिलेल्या पत्र्यावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सियस उष्णतेत दाबतात. शाईची वाफ होऊन ती लेपात शिरते. रंग पृष्ठभागावर न बसता आत मुरतो, म्हणून तो पुसला जात नाही. आणि छापील चित्राला नाक मुरडायची सोय मराठी घराला तर नाहीच. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वतींनी आपली देवघरे भरली. घरोघरी तीच लक्ष्मी, तीच साडी. कोणाचे काही बिघडले नाही. मात्र ते चित्र रविवर्म्याचे आहे, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असे.

वारली चित्राचे काय होते? डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या पाड्यांवर लग्न निघाले की गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. चौकात पालघट देवी. लग्न लावणारी पुजारीण, धवलेरी, गाणी म्हणणार, मग विधी. चौक नाही तर लग्न नाही. चित्र टिकावे ही अपेक्षाच नव्हती. चुलीच्या धुराने ते काळवंडे, पावसाळ्यात भिंतीबरोबर झिजे. पुढच्या लग्नाला पुन्हा नवे.

म्हणून पत्र्यावर ते आले हा काही धर्मभ्रष्टतेचा प्रकार ठरत नाही. भिंत तर वारल्यांनी स्वतःच ओलांडली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी पाड्यांवर कागद घेऊन गेले आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे बायकांचे मानले जाणारे हे काम करत कागदावर, कापडावर उतरले. लग्नाची वाट न पाहता ते रोज चित्र काढू लागले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. भिंतीवरून कागदावर येताना चित्रातली देवी बरीचशी मागे राहिली, पण त्या बदल्यात चित्रकाराला नाव मिळाले. भिंतीवर सही करण्याची रीत नव्हती. कागदावर ती आली, आणि सहीबरोबर पैसेही आले.

कागदावरून पत्र्यावर येताना हे नाव गळाले, माझी तक्रार एवढीच आहे. पत्र्याच्या मागे छापणाऱ्याचा शिक्का असतो, लटकवायच्या सूचना असतात, आकार इंचांत असतो. चित्र कोणी काढले हे बहुधा कुठेच नसते. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण ते राखते वारली हे नाव. त्यामुळे पत्र्यावर ‘ट्रायबल’, ‘रस्टिक’ किंवा ‘व्हिलेज लाइफ’ असे काहीतरी लिहिले की काम भागते. शैली कोणाच्या मालकीची नसते, हे कायद्याला धरून खरेच आहे. म्हणून तर संगणकावर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस करायचा, त्याला गोलात नाचवायचे आणि मध्ये तारपा वाजवणारा ठेवायचा, इतके सोपे झाले आहे.

चित्राच्या आतही छाटणी झालेली असते. पाड्यावरच्या चित्रात ताडी काढणारा झाडावर असतो, शिकार असते, साप, उंदीर, मुंग्यांची वारुळे असतात. पत्र्यावर नाच उरतो आणि मोर उरतो. शेतात पीक कायम उभे, विहिरीला पाणी कायम. प्रत्यक्षात डहाणू-तलासरीतून आज बुलेट ट्रेनचा मार्ग जातो आहे, वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, आणि किनाऱ्यावरच्या गावांचा त्याला विरोध आहे. वारली चित्रकारांनी आगगाड्या, विमाने केव्हाच रंगवली. जमिनीबद्दल त्यांना काही म्हणायचे असेल तर तेही ते रंगवतील. सोफ्यामागे ते कोणी टांगणार नाही, कारण पाहुण्यांसमोर गावाने आनंदीच असले पाहिजे.

पत्रा घ्यायला हरकत नाही. घेताना दुकानदाराला चित्रकाराचे नाव विचारावे, आणि प्रत्येक प्रतीमागे त्याला काही मिळते का, हेही विचारावे. उत्तर मिळाले तर घ्यावा. ‘सर, डिझाइन कंपनीचेच आहे’ असे कानावर आले, तर तेवढ्याच भिंतीसाठी पालघर जिल्ह्यातल्या चित्रकाराला बोलावता येते. शहरांतल्या भिंती रंगवायला ही मंडळी येतात. त्याच्याशी भाव ठरवावा, घासाघीस करू नये, आणि काम झाल्यावर खाली कोपऱ्यात सही करायला सांगावे.