उकिरडा भरल्याशिवाय सेंद्रिय कसली?

युरियाची गोणी बंद केली म्हणजे सेंद्रिय शेती झाली, असं नाही. आपल्या चकलांबा भागात ज्वारी-बाजरीचं रान होतं तोवर कडबा, जनावरं अन् शेणखत घरचंच होतं. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पुढं कपाशी वाढली, कडबा घटला, दावणी ओस पडल्या. सेंद्रिय प्रमाणपत्राला बीटी बियाणं चालत नाही, हेही ध्यानात घ्या. २०१५ ची परंपरागत कृषी विकास योजना गटाला तीन वर्षं मदत देते. पुढं खत कुठून आणणार? म्हणून आधी एकरभर ज्वारी पेरा, बांधावर गिरिपुष्प लावा. दावण भरली, की प्रमाणपत्राचं बघू!