शिट्टी नसलेला कुकर

आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या आई मोजते. म्हणजे मोजायची. ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत असो नाहीतर मावशीशी फोनवर बोलत असो, मधेच हाक यायची, "चार झाल्या रे, गॅस बारीक कर!" गेल्या दिवाळीनंतर एकदा तिने हरभरे लावले आणि शिट्टीची वाट बघत बसली. मी ऑफिसातून आलो तेव्हा घरभर करपल्याचा वास, कुकर कोरडा ठणठणीत, आणि आई म्हणते, "याची शिट्टीच होईना बघ." शिट्ट्या झाल्या होत्या. शेजारच्या काकूंनी मोजल्यासुद्धा होत्या. आईला ऐकू आल्या नव्हत्या.

कान तपासले, यंत्र आलं, ते बहुतेक वेळ डबीतच असतं. त्या दिवसानंतर आई कुकर लावेनाशी झाली. "तुम्हीच लावा, मला कळत नाही," एवढंच म्हणायची आणि देवघरात जाऊन बसायची. चाळीस वर्षं जिने मलकपेठच्या या घरात उसळी रांधल्या, तिने असं म्हणणं मला काही सहन होईना.

आता मी पडलो इंजिनिअर. प्रश्न दिसला की वस्तू विकत घेतो. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आणला. गॅस नाही, शिट्टी नाही, बटण दाबा आणि विसरा. पहिल्याच आठवड्यात त्यावर 'स्लो कुक' नावाचं बटण सापडलं. शनिवारी रात्री राजमा तासभर भिजवला, स्लो कुकवर ठेवला आणि झोपलो. सकाळी दाणे फुगलेले, रस्सा लालसर, मी खूश. आईने एक दाणा उचलून अंगठ्याने दाबला. "आतून कच्चाय रे. एक उकळी काढ." मी म्हटलं, "अगं आई, आठ तास शिजलाय!" वरून कांदा-टोमॅटोची फोडणी ओतली, भात लावला, एक वाजता जेवलो.

तीन वाजता बायको बेसिनपाशी. मग मी. मग लेक. आईचं सगळ्यात वाईट झालं, वय 68, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. पाच वाजता तिला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. रात्री नऊला घरी आलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं."

मंडळी, हे मी त्या रात्री जागून वाचलं. माझ्याआधी तुम्ही वाचलेलं बरं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. पाच-सहा कच्चे दाणेसुद्धा पोट उलटवायला पुरतात आणि खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत त्रास सुरू होतो. खळखळ उकळत्या पाण्यात ते नष्ट होतं. किमान दहा मिनिटं, अमेरिकेचं अन्न-औषध खातं तर तीस मिनिटं सांगतं. पण 80 अंशांच्या आसपास नुसतं कोमट-गरम ठेवलं तर ते नष्ट होत नाहीच, उलट दाणा कच्च्यापेक्षाही जास्त त्रासदायक होऊ शकतो. स्लो कुक नेमकं तेच करतं. 2006 मध्ये जपानात एका टीव्ही कार्यक्रमाने पांढरे घेवडे तीन मिनिटं भाजून त्यांची पूड भातावर घालायला सांगितली होती, तेव्हा शेकडो लोक आजारी पडले. म्हणजे मी एकटाच हुशार नव्हे. माझी ती फोडणी दहा-पंधरा मिनिटं उकळली असती तरी निभावलं असतं. आई तेच म्हणत होती.

प्रेशरला मात्र हे प्रथिन टिकत नाही. तेव्हा कुकर टाकून द्यायची गरज नव्हती, तो शिकायची होती. आणि शिकवायला घरात माणूस होतं.

पुढच्या रविवारी आईला खुर्ची देऊन ओट्यापाशी बसवलं. पहिली अडचण हिशोबाची. तिचं सगळं शिट्ट्यांत, याचं मिनिटांत. शिट्टी हे काही वेळेचं माप नाही. गॅस मोठा की लहान, कुकर भरलेला की अर्धा, यावर ती ठरते. शिवाय गॅसवरच्या कुकरमध्ये सुमारे 15 पौंड दाब आणि 121 अंश असतात; या इलेक्ट्रिकमध्ये दाब साधारण 10 ते 12 पौंड, म्हणजे 115 ते 118 अंश. चार-पाच अंशांचा फरक दिसायला किरकोळ, पण राजम्याला तो जाणवतो. त्यात घड्याळ सुरू होतं ते दाब भरल्यावर, त्याआधीची दहा-पंधरा मिनिटं कुणी मोजत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. आमच्या सोसायटीत नळाचं पाणी कमी पडलं की बोअरचं मिसळतात. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि दाणा मऊ होत नाही. आई हे कॅल्शियम न म्हणता सांगते, "बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही." आता उसळीला फिल्टरचं पाणी. चिमूटभर सोड्यानेही काम होतं, पण बी-1 जीवनसत्त्व जातं आणि चवही साबणासारखी लागते. चिंच, आमसूल, टोमॅटो दाणा शिजल्यावरच; आंबटाने तो आखडतो. मीठ भिजवतानाच घातलेलं चालतं, हे मात्र तिला अजून पटलेलं नाही.

तिसरी गोष्ट दुकानातली. गंजात गेलं की ती आजही आधी विचारते, "कोत्तदा, पातदा?" नवा माल की जुना? जुना दाणा कितीही भिजवा, ठणकच राहतो, आणि नव्यात मिसळला तर अर्धी उसळ गाळ, अर्धी गोळ्या. दुकानदाराला ती चवळीला बोबर्लु आणि कुळथाला उलवलु म्हणते, घरी आल्यावर चवळी आणि कुळीथ.

चार रविवारांत आमचे आकडे जमले. रात्रभर भिजवलेला राजमा 25 मिनिटं, काबुली चणे 20, चार तास भिजवलेली चवळी 6. भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही, चमचाभर तेल घालायचं म्हणजे फेस येत नाही, आणि झालं की वाफ लगेच सोडायची नाही. सोडली की सालं फुटतात आणि फेस वाल्व्हमधून ओट्यावर. मोड आणून सोललेल्या वालाच्या डाळिंब्या कुकरला लावायच्याच नाहीत, हा आईचा कायदा. कढईत, झाकणावर पाणी ठेवून. त्यावर मी वाद घातला नाही.

या कुकरच्या झाकणावर एक छोटी पिन असते. दाब भरला की वर येते, उतरला की खाली पडते. आईला शिट्टी ऐकू येत नाही, पण पिन दिसते. परवा घरून काम करत होतो, मीटिंग चालू होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "खिळा पडला रे!" मी माइक बंद करून उठेपर्यंत तिने झाकण उघडून दाणा दाबलाही होता.

"अजून तीन मिनिटं लाव," ती म्हणाली. मी लावली.